तिशीतला विद्यार्थी

१३ ऑक्टोबर १९०५. शुक्रवारचा दिवस. पॅरिसमधल्या एका हमरस्त्यावरच्या टपालपेटीत तीस वर्षांच्या एका प्राध्यापकाने काही पत्रे टाकली. एक आईवडिलांना होते, बाकीची जवळच्या स्नेह्यांना. मजकूर साधारण सारखाच होता. येत्या हिवाळी सत्रापासून आपण वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी होत आहोत आणि शिक्षण पुरे झाले की डॉक्टर म्हणून आफ्रिकेत, विषुववृत्ताजवळच्या अरण्यात, कामाला जाणार आहोत, असे त्यांनी कळवले होते. स्ट्रासबर्ग येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थी-निवासाचे प्रमुखपद सोडत असल्याचे पत्रही त्यांनी त्याच वेळी पाठवले.

या प्राध्यापकाचे नाव अल्बर्ट श्वाइट्झर. लांबारेनेचे डॉक्टर म्हणून जग त्यांना ओळखते. त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांच्या रुग्णालयाची छायाचित्रे देशोदेशीच्या मासिकांत झळकली, आपल्याकडेही एका पिढीने त्यांचे नाव आदराने घेतले. पण त्या शुक्रवारी यातले काहीच घडलेले नव्हते. तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट असलेला, विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवणारा, उत्तम ऑर्गन वाजवणारा एक नावाजलेला माणूस पुन्हा पहिल्या वर्षाला बसायला निघाला होता, इतकेच लोकांना दिसत होते. आणि बहुतेकांना ते वेडेपणाचे वाटत होते.

हे चरित्र मला आज पुन्हा सांगावेसे वाटते याला कारण आहे. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कितीतरी घरांत एकच विषय चालू असतो. नीटचे गुण किती, कुठल्या महाविद्यालयात नंबर लागेल, आणि नाही लागला तर पुढे काय. माझ्या ओळखीच्या एका घरातली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीनंतर तिने वैद्यकीयचा विचार केला नव्हता. आता तो तिच्या मनात पक्का होऊ लागला आहे. वडील म्हणतात, करायचेच असेल तर आत्ताच बस, पदवीची वाट बघत वय घालवू नकोस. आई म्हणते, आधी हातातले पुरे कर. आजोबांच्या मते गाडी केव्हाच सुटली. मुलगी तिघांचे ऐकते आणि गप्प बसते.

कायद्याने पाहिले तर गाडी सुटलेली नाही. या परीक्षेसाठीची कमाल वयाची अट २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. अमेरिकेत तर रिवाजच असा आहे की मुले आधी चार वर्षांची पदवी घेतात आणि मग वैद्यकीयकडे वळतात. तिसऱ्या वर्षी अर्ज करावा की पदवीनंतर एखादे वर्ष थांबून, याचा खल तिथल्या घरांतही होतो. तेव्हा प्रश्न नियमाचा नाही. केव्हा निघावे हे ठरवायचे कशावरून, हा खरा प्रश्न आहे. श्वाइट्झर यांनी त्याचे उत्तर फार वेगळ्या पद्धतीने शोधले, आणि त्याची किंमतही मोजली. म्हणून त्यांची गोष्ट.

जन्म १४ जानेवारी १८७५ चा, आल्सासमधल्या काइझर्सबर्ग या गावचा. आल्सास म्हणजे जर्मनी आणि फ्रान्स यांच्या सीमेवरचा प्रांत. १८७१ पासून तो जर्मनीकडे होता. घरात मात्र दोन्ही भाषा नांदत. अल्बर्ट काही महिन्यांचा असतानाच वडील पाद्री म्हणून ग्युन्सबाख या खेड्यात आले आणि तेच त्याचे गाव झाले. आईचे वडीलही पाद्री होते आणि ऑर्गन या वाद्याचे त्यांना विलक्षण वेड होते. ते नातवात उतरले. पाय पट्ट्यांपर्यंत जेमतेम पोहोचू लागले तोच मुलगा ऑर्गनवर बसू लागला.

लहानपणच्या दोन गोष्टी त्याच्या मनात घर करून राहिल्या. गावातल्या एका थोराड मुलाशी त्याची कुस्ती झाली आणि अल्बर्टने त्याला चीत केले. हरलेला मुलगा सहज बोलून गेला की मलाही आठवड्यातून दोनदा मांसाचा रस्सा मिळता तर मीही तुझ्याइतका दणकट झालो असतो. त्या दिवसापासून घरचा रस्सा अल्बर्टच्या घशाखाली उतरेना. दुसरी गोष्ट कोलमार शहरातली. तिथे एका दर्यासारंगाच्या स्मारकावर एका आफ्रिकी माणसाचा पुतळा होता. त्याच्या चेहऱ्यावरची उदासी या मुलाला दर वेळी खेचून घ्यायची. आपल्याला जे सहज मिळाले ते दुसऱ्याला का नाही, हा सल तिथून सुरू झाला.

शाळेत मात्र हा मुलगा हुशार वगैरे नव्हता. म्यूलहाउझेनला नात्यातल्या एका वृद्ध, निपुत्रिक जोडप्याकडे राहून तो शिकला. सुरुवातीचे गुण इतके यथातथा, की याला शाळेत ठेवावे की नाही असा प्रश्न निघाला. पुढे एक शिक्षक असे मिळाले, की जे रोज वर्गावर येताना धडा मनापासून तयार करून येत. कामाची ही शिस्त पाहून मुलगा सुधारला. आजच्या गुणपत्रिकांच्या घाईत हा मुलगा कुठे बसला असता, कोण जाणे.

१८९३ मध्ये श्वाइट्झर स्ट्रासबर्ग विद्यापीठात धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकायला गेले. त्याच वर्षी पॅरिसचे विख्यात ऑर्गनवादक विडोर यांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले. दिवस भरभरून चालले होते. आणि या भरल्या दिवसांतच तो जुना सल पुन्हा वर आला.

१८९६ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, पेंटेकॉस्टच्या सणाला ते ग्युन्सबाखला घरी आले होते. सकाळी जाग आली, बाहेर पाखरे बोलत होती. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी विचार केला, की हे सुख आपल्याला मिळाले आहे ते काही आपला हक्क म्हणून नव्हे. त्याची परतफेड करायला हवी. आणि उठण्यापूर्वी त्यांनी एक हिशेब मांडून टाकला. वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत विद्या आणि कला यांच्यासाठी जगायचे. त्यानंतर माणसांच्या थेट सेवेत पडायचे. त्या वेळी वय होते एकवीस.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. त्यांनी वेळ ठरवली, काम ठरवले नाही. डॉक्टर व्हायचे, आफ्रिकेत जायचे, हे तेव्हा त्यांच्या स्वप्नातही नव्हते. आपण बहुधा उलटे करतो. काय व्हायचे ते मुलाच्या पंधराव्या वर्षी ठरवून मोकळे होतो आणि कशासाठी हे विचारायला कुणाला सवड नसते. श्वाइट्झर यांनी कशासाठी हे आधी ठरवले, केव्हा हे त्याच्याबरोबर ठरवले, आणि काय हे नऊ वर्षे शोधत राहिले.

ही नऊ वर्षे त्यांनी वाट पाहण्यात घालवली नाहीत. १८९९ मध्ये कांटच्या धर्मविषयक तत्त्वज्ञानावर डॉक्टरेट मिळवली. पुढच्याच वर्षी धर्मशास्त्रातली वरची पदवी घेतली. १९०२ पासून विद्यापीठात शिकवू लागले, १९०३ मध्ये विद्यार्थी-निवासाचे प्रमुख झाले. चर्चमध्ये प्रवचने चालूच होती. विडोर यांच्या आग्रहावरून बाख या संगीतकारावर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहायला घेतला. तो १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला.

सेवेचे काम कोणते, याचा शोधही याच काळात चालू होता. निराधार मुले सांभाळावीत असे आधी मनात होते. स्ट्रासबर्गचा अनाथाश्रम आगीत जळाला तेव्हा काही मुलांना आपल्याकडे ठेवतो म्हणून ते स्वतः गेले. पण व्यवस्थापकांनी त्यांचे बोलणे पुरतेसे ऐकूनही घेतले नाही. मग बेघर माणसे, तुरुंगातून सुटलेले कैदी यांच्यासाठी काही करून पाहिले. प्रत्येक ठिकाणी असे दिसले, की हे काम एकट्याने करण्यासारखे नाही, संस्था हवी. आणि त्यांना तर स्वतःच्या हाताने, मोकळेपणी करता येईल असे काही हवे होते.

१९०४ च्या शरद ऋतूत एका सकाळी त्यांच्या मेजावर पॅरिसच्या एका मिशनरी मंडळाचे मासिक पडले होते. ते बाजूला सारण्यापूर्वी त्यांनी सहज चाळले. आत एक लेख होता. आज ज्याला गॅबन म्हणतात त्या फ्रेंच वसाहतीत काम करायला माणसे मिळत नाहीत, अशी तक्रार त्यात होती. लेख वाचून झाला आणि ते शांतपणे आपल्या कामाला लागले. शोध संपला होता. काही महिन्यांतच, १४ जानेवारी १९०५ रोजी, तिसावे वर्ष पुरे झाले. ठरवलेली तारीख आली आणि ती त्यांनी पाळली.

पण डॉक्टरच का व्हायचे? पाद्री म्हणून लगेच जाता आले असते. आठ वर्षे वाचली असती. याची कारणे दोन. तिथून येणाऱ्या हकिकतींत सर्वांत मोठी तक्रार हीच होती, की आजाऱ्यांना औषध द्यायला कुणी नाही. आणि दुसरे कारण त्यांच्या स्वभावातले. इतकी वर्षे ते प्रेमाच्या धर्मावर बोलत आले होते. आता न बोलता तो आचरणात आणता येईल असे काम त्यांना हवे होते. डॉक्टरकी त्या मोजपट्टीत चपखल बसत होती.

ही पत्रे पोहोचली आणि वादळ उठले. आपल्यावर विश्वास टाकून आधी सल्ला का विचारला नाही, यावर आप्त रागावले. विडोर यांना तर हा सेनापतीने हाती बंदूक घेऊन शिपायांच्या रांगेत उभे राहण्याचा प्रकार वाटला. युरोपात राहून आफ्रिकेसाठी व्याख्याने दे, त्याने जास्त काम होईल, असा सल्ला मिळाला. नाव हवे तितके झाले नाही म्हणून हा निघाला, असे काहींनी मानले. काहींनी प्रेमभंगाची कथा जुळवली. याच्या डोक्यात थोडा बिघाड झाला आहे असे मानून हसून सोडून देणारेच त्यातल्या त्यात दयाळू होते, असे श्वाइट्झर यांना पुढे वाटत राहिले.

ऑक्टोबरच्या अखेरीस, दाट धुके पडलेल्या एका दिवशी, ते शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या तासाला गेले. त्याआधी एक अडचण निघाली होती. विद्यापीठाच्या शिक्षकाला त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी म्हणून नाव घालता येत नव्हते. नुसते श्रोते म्हणून बसावे तर परीक्षा देता येणार नाही. वैद्यक शाखेचे अधिष्ठाता फेलिंग यांना, हा अर्जदार आपल्याकडे घेण्यापेक्षा मनोविकाराच्या सहकाऱ्याकडे पाठवावा असे वाटले होते म्हणतात. शेवटी सरकारने वाट काढली. प्राध्यापकांनी हजेरीचे दाखले द्यावेत आणि त्यावर परीक्षेला बसू द्यावे. प्राध्यापकांनी तर आपले सहकारी म्हणून त्यांच्याकडून शुल्कही घेतले नाही.

पुढची वर्षे कष्टाची गेली. १९०६ च्या वसंतात प्रमुखपद सोडले, पण धर्मशास्त्राची व्याख्याने सुटली नाहीत, जवळजवळ दर रविवारचे प्रवचन सुटले नाही. पॅरिसच्या बाख मंडळासाठी ऑर्गन वाजवायला हिवाळ्यात पुन्हा पुन्हा जावे लागे. १९०६ मध्ये येशूच्या चरित्रसंशोधनावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बाखचा ग्रंथ जर्मनमध्ये नव्याने लिहिला, तो १९०८ मध्ये आला आणि पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा झाला. दिवसा प्रेते फाडायची, संध्याकाळी शिकवायचे, रात्री लिहायचे. थकवा हा कायमचा सोबती झाला.

आणि स्मरणशक्ती. वीस वर्षांच्या पोरांना जे एकदा वाचून पाठ होई, ते या तिशीतल्या विद्वानाला होईना. परीक्षेसाठी घोकंपट्टी करायला त्यांचे मन घेत नव्हते. शेवटी सहाध्यायांनी त्यांना आपल्या अभ्यासमंडळात ओढले. कोणता प्राध्यापक काय विचारतो, त्याला कसले उत्तर आवडते, हे सगळे तिथे ठाऊक होते. मे १९०८ मध्ये पहिल्या टप्प्याची परीक्षा झाली आणि अपेक्षेपेक्षा ती चांगली गेली. ग्रंथकर्ता प्राध्यापक अठरा-वीस वर्षांच्या मुलांकडून अपेक्षित प्रश्न विचारून घेतो आहे, हे चित्र मला फार आवडते. उशिरा शिकायला बसणाऱ्याला सगळ्यांत आधी गिळावा लागतो तो मोठेपणा. तो त्यांनी कुरकुर न करता गिळला.

या शिक्षणातून त्यांना आनंदही मिळाला. इतकी वर्षे इतिहास आणि तत्त्वज्ञान यांत मतांच्या लढाया पाहिल्या होत्या. तिथे भाषेच्या जोरावर बाजी मारता येते. रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र यांत तसे चालत नाही. तिथे सत्य दाखवून द्यावे लागते. या पायाची आपल्याला किती भूक होती, हे त्यांना आत्ता कळले.

शेवटच्या राज्य परीक्षेचे शुल्क त्यांनी म्युनिकच्या संगीत महोत्सवात विडोर यांच्या रचनेत ऑर्गन वाजवून मिळालेल्या पैशांतून भरले. १७ डिसेंबर १९११ रोजी शल्यचिकित्सेची अखेरची परीक्षा देऊन ते रुग्णालयाबाहेर पडले तेव्हा हिवाळ्याचा अंधार पडला होता. हे सारे खरोखर संपले यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. सदतिसावे वर्ष पुरे व्हायला एकच महिना राहिला होता.

या साऱ्यात आणखी एक माणूस होते, ज्यांचे नाव बरेचदा मागे राहते. हेलेन ब्रेस्लाउ. इतिहासकार हॅरी ब्रेस्लाउ यांची ही मुलगी स्ट्रासबर्ग शहरातल्या अनाथ मुलांची निरीक्षक म्हणून काम करत होती. श्वाइट्झर यांच्या मनातला बेत तिला फार आधीपासून ठाऊक होता. त्यांच्या हस्तलिखितांना, मुद्रितांना तिचा हात लागे. आफ्रिकेच्या कामासाठी तिने परिचारिकेचे शिक्षण घेतले. जून १९१२ मध्ये त्यांचे लग्न झाले.

तरी अडथळे संपले नव्हते. उष्ण कटिबंधातल्या रोगांचा अभ्यास पॅरिसला झाला, प्रबंध झाला, आता मिशन मंडळाचीच हरकत निघाली. डॉक्टर हवा, पण याची धर्ममते आपल्या पठडीतली नाहीत. श्वाइट्झर यांनी समितीच्या सभासदांची एकेकट्याची भेट घेतली आणि आपण फक्त औषध देऊ, प्रवचन करणार नाही, असे वचन दिले. रुग्णालयाचा खर्चही आपला आपण उभा करू म्हणाले. मित्रांकडे, चर्चमधल्या मंडळींकडे जाऊन पैसा गोळा केला. बाखच्या पुस्तकाचे आणि ऑर्गनवादनाचे पैसे त्यात घातले. औषधांच्या आणि सामानाच्या सत्तर पेट्या भरल्या. मार्च १९१३ मध्ये पतिपत्नी निघाली आणि १६ एप्रिलला ओगोवे नदीकाठच्या लांबारेनेला पोहोचली. डॉक्टर अडतीस वर्षांचे होते.

राहायला घर होते, दवाखाना नव्हता. कोंबड्यांचे एक जुने खुराडे साफसूफ करून, भिंतींना चुना फासून तिथे तपासणी सुरू झाली. मलेरिया, कुष्ठरोग, निद्रारोग, आमांश, सडलेल्या जखमा, अडकलेला हर्निया. दूरदूरहून नावेतून माणसे येत. पहिल्या नऊ महिन्यांत जवळजवळ दोन हजार रोगी पाहिले. दुभाष्या म्हणून जोसेफ नावाचा गृहस्थ मिळाला. तो पूर्वी स्वयंपाकी होता, त्यामुळे रोग्याचे कुठे दुखते हे तो खाटकाच्या दुकानातल्या मांसाच्या तुकड्यांच्या नावांनी सांगे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याचे काम हेलेन पाहत.

दीडच वर्षात महायुद्ध पेटले. फ्रेंच वसाहतीतले जर्मन नागरिक म्हणून दोघांना नजरकैदेत ठेवले गेले. काही महिन्यांनी रोगी पाहायची परवानगी मिळाली. पण १९१७ मध्ये त्यांना कैदी म्हणून युरोपात नेले. १९१८ मध्ये आल्सासला परतले तेव्हा प्रकृती खालावलेली, डोक्यावर रुग्णालयाचे कर्ज. १४ जानेवारी १९१९ ला, बापाच्याच वाढदिवशी, मुलगी रेना जन्मली. पन्नाशीकडे झुकलेल्या या माणसाला सगळे संपले असे वाटावे, अशी ती वर्षे होती.

आणि येथे, माझ्या मते, तिशीपूर्वीच्या वर्षांचे मोल कळते. १९१९ च्या अखेरीस स्वीडनमधून उपसाला विद्यापीठात व्याख्याने देण्याचे निमंत्रण आले. आर्चबिशप सोडरब्लोम यांनी त्यांची पैशांची चिंता ऐकली आणि देशभर व्याख्याने व ऑर्गनचे कार्यक्रम करण्याची युक्ती सुचवली. काही आठवड्यांत निकडीचे कर्ज फिटले. पुन्हा लांबारेनेला जाता येईल, ही उमेद तिथे परत आली. पुढे आयुष्यभर हाच परिपाठ राहिला. युरोपात यायचे, ऑर्गन वाजवायचा, व्याख्याने द्यायची, पुस्तके लिहायची आणि त्या पैशांवर रुग्णालय चालवायचे. ते १९२४ मध्ये परत गेले तेव्हा जुन्या इमारतींवर रान माजले होते. १९२७ मध्ये नदीच्या वरच्या अंगाला नवे, मोठे रुग्णालय उभे राहिले. नोबेलची रक्कम कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला गेली.

एकवीस वर्षांचे असतानाच ते वैद्यकीयला गेले असते तर दहाएक वर्षे आधी डॉक्टर झाले असते, यात शंका नाही. पण मग बाखचा ग्रंथ नसता, ऑर्गनची ख्याती नसती, आणि १९१८ च्या मोडतोडीतून ते रुग्णालय पुन्हा उभे राहिले असते का, याची मला शंका वाटते. ज्याला आपण वाया गेलेली वर्षे म्हणतो, ती बरेचदा पुढच्या कामाची ठेव असते. अट एकच, ती वर्षे खरोखर वापरलेली असली पाहिजेत.

याचा अर्थ सर्वांनी थांबावे असा कुणी काढू नये. आपल्याच दोन नावांकडे पाहा. आनंदीबाई जोशी यांनी अठराव्या वर्षी समुद्र ओलांडला. तान्हे मूल दगावल्याचे दुःख आणि बायकांना बाई डॉक्टर मिळत नाही ही खंत त्यांच्यापाशी होती. त्यांनी थांबावे असे कुणी म्हणू शकले नसते. डॉ. रखमाबाई मात्र नवऱ्याने घातलेल्या खटल्याचा वनवास संपवून १८८९ मध्ये लंडनला शिकायला गेल्या, तेव्हा पंचविशीत होत्या. पुढे सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. एकीची वेळ अठराची, दुसरीची पंचविशीची, श्वाइट्झर यांची तिशीची. तिघांनाही कशासाठी जायचे हे माहीत होते, एवढे मात्र समान होते.

श्वाइट्झर यांचा मार्ग स्वस्त नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्यापाशी पगाराची नोकरी होती, ओळखीचे प्राध्यापक होते, शुल्क माफ झाले होते; प्रत्येकाला हे लाभत नाही. हेलेन यांची प्रकृती क्षयाने खंगली, त्यांना वर्षानुवर्षे युरोपात राहावे लागले आणि मुलगी बापापासून दूर वाढली. या संकल्पाचा मोठा वाटा त्या दोघींनी उचलला. लांबारेनेवरही टीका झाली. आफ्रिकी माणसांकडे धाकट्या भावासारखे पाहण्याची त्यांची वडीलकीची वृत्ती पुढच्या पिढीला खटकली, आणि ते खटकणे रास्त होते. भारतीय विचारांवर त्यांनी १९३५ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यातली मते डॉ. राधाकृष्णन यांनी सडेतोडपणे खोडली. थोर माणूस म्हणजे बिनचूक माणूस नव्हे.

पण वेळेच्या बाबतीत त्यांचा हिशेब पुन्हा मांडून पाहावा असा आहे. १९०५ साली सगळ्यांना वाटले की हा माणूस उशिरा निघाला. ४ सप्टेंबर १९६५ रोजी, नव्वद वर्षांचे असताना, लांबारेने येथेच त्यांचा अंत झाला. तिथे पहिले पाऊल ठेवल्यापासून तोवर बावन्न वर्षे उलटली होती. उशिरा निघालेल्या माणसाला कामासाठी अर्ध्या शतकाहून अधिक काळ मिळाला.

ज्या घरांत आज हा प्रश्न आहे, तिथे मुलाला वय विचारण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात असे मला वाटते. डॉक्टर होऊन नेमके कुणासाठी, काय करायचे तुझ्या मनात आहे? याचे उत्तर तयार असेल तर अठराव्या वर्षी निघायला हरकत नाही. आणि तयार नसेल तर ते शोधायला किती दिवस घेणार आणि त्या दिवसांत काय शिकणार? याचे उत्तर तारखेसकट मिळाले, तर घरच्यांनी निश्चिंत व्हावे. थांबणे आणि टाळणे यांत फरक तारखेचा असतो. श्वाइट्झर यांनी ती तारीख कुणालाही न सांगता मनाशी ठरवली होती, आणि ती आली तेव्हा टपालपेटीपर्यंत चालत गेले.